नांगर बघणाऱ्या कासवबाई

बंदरात त्यांना सगळे कासवबाई म्हणतात. कुठलं कासव कोणत्या खडकाखाली झोपतं आणि सकाळी चरायला कुठल्या बाजूला जातं, हे विचारायचं तर त्यांनाच. मूळचा धंदा शिवणाचा. नवऱ्याने गॅरेज बंद करून शिडाची जुनी बोट घेतली तेव्हा शेजारणी म्हणाल्या, "त्यांचं डोकं फिरलंय, तू कुठे निघालीस?" बाई निघाल्या, पण शिलाई मशीन घेऊन. ते आता केबिनच्या टेबलाला बोल्टने जखडलंय आणि आसपासच्या बोटींची फाटकी शिडं तिथेच येतात. कापड पसरलं की मिस्त्रींना, म्हणजे नवऱ्याला, चहा बाहेर डेकवर प्यावा लागतो.

पोहायला त्या पन्नाशी उलटल्यावर शिकल्या. डोळ्यांवर मास्क, तोंडात श्वासाची नळी, पायांत रबरी पंखे, आणि पाण्यावर पालथं पडून खाली बघत राहायचं. नजर शिवणकामाचीच, उसवलेलं आधी दिसतं. खडकाचा एखादा तुकडा जरा जास्तच खडकासारखा वाटला, की तो ऑक्टोपस. मिशीवाले छोटे मासे धुरळ्यामागे घोळक्याने निघाले, की पुढे चपटा पाकट मासा वाळू उकरतोय. त्याचं उष्टं खायला ही वरात.

नियम मात्र एकच. नांगर टाकला की आधी साखळीवरून पोहत जाऊन तो वाळूत रुतलाय का ते बघायचं, मासे मग. सुरुवातीला मिस्त्री चिडायचे.

"मी टाकलेला नांगर तू तपासणार?"

"मी लावलेलं बटण तुम्ही ओढून बघता ना?"

तो विषय तिथेच मिटला.

त्या दिवशी त्यांची लेक आली होती. दातांची डॉक्टर. आईबाबांनी आता जमिनीवर यावं म्हणून तिने स्वतःच्या घराजवळ तळमजल्यावरची एक जागा बघून ठेवली होती. घरमालकाला संध्याकाळी कळवायचं होतं. बाईंना बोट सोडायची नव्हती. लेकीच्या डोळ्यांदेखत काही विपरीत झालं तर आपलं बोलणंच खुंटेल, हेही त्यांना पुरतं ठाऊक होतं. तरी लेकीला इथलं जगणं आवडावं म्हणून कासव दाखवायची घाई. लहानशा खाडीत नांगर पडला आणि मायलेकी तशाच पाण्यात उतरल्या. नांगर बघायचा राहिला.

लेक नळी दातांत आवळून धापा टाकत होती.

"पेशंटना सांगतेस ना, जबडा सैल सोडा म्हणून? तेच कर," बाई म्हणाल्या. "आणि बोलू नकोस."

दोघींनी मध्ये तरंगतं रबरी कडं धरलं होतं. खाली समुद्रगवतात कासव निवांत चरत होतं. ते श्वास घ्यायला वर आलं, दोघींकडे एकदा बघून पुन्हा जेवायला गेलं. लेकीने आईचा दंड घट्ट धरला. मग पलीकडे वाळूचा धुरळा उठला, मागोमाग मिशीवाले मासे. बाईंनी डोकं वर काढलं. "ते बघ, पाकट!"

पुन्हा खाली बघितलं तेव्हा त्यांना खटकलं. पाकट कधी असा सरळ जात नाही. दोन घास इथे, दोन तिथे, मध्येच बसतो. हा धुरळा पट्टीने रेघ मारावी तसा बोटीच्या दिशेने चालला होता. त्याच्या तोंडाशी साखळी होती. वारा वाढला होता, नांगर आडवा पडून फरफटत होता आणि बोटीच्या मागे खडक होते.

लेक अजून हरखून बघत होती. तिला काहीच कळलेलं नव्हतं. तिला पाकटातच गुंतवून ठेवता आलं असतं. बाईंनी नळी काढली आणि गळ्यातली शिट्टी जीव खाऊन वाजवली.

"अहो! नांगर घसरतोय! आणखी साखळी सोडा!"

मिस्त्री बिघडलेला पंप टाकून वर धावले. "किती?"

"मी सांगेपर्यंत!"

बाई नांगराच्या वर पालथ्या पडून राहिल्या. एक हात पाण्याबाहेर, मिस्त्रींची नजर त्या हातावर. साखळी खडखडत सुटत गेली आणि तळाशी सपाट पडली. नांगर कुशीवर वळला, त्याचं टोक वाळूत घुसलं, आणखी घुसलं, दिसेनासं झालं. साखळी ताणली, बोट थांबली. मिशीवाल्या माशांचं जेवण चालूच होतं. बाईंनी मूठ मिटली.

"बसला?" मिस्त्री ओरडले.

"बसला!"

डेकवर येऊन लेक अंग पुसू लागली. मग म्हणाली, "तू पाकटच म्हणत राहिली असतीस, तर मला काय कळणार होतं?"

"तुला नसतं कळलं. खडकाला कळलं असतं."

"नांगर आधी बघायला हवा होतास ना?"

"हवा होता. चुकलं माझं."

"आणि बाबा तुझ्या एका हातावर साखळी सोडत होते?"

"मग? खालचं मला दिसतं, त्यांना नाही," बाई म्हणाल्या. मिस्त्रींनी मान डोलावली. "मी आपला हुकमाचा ताबेदार," ते म्हणाले आणि पंपाकडे गेले.

लेकीने फोन उचलला आणि घरमालकाला लावला. बाई मास्क गोड्या पाण्यात खळबळत होत्या. त्यांनी पाण्याचा आवाज मुद्दाम कमी केला.

"नाही, जागा नको आता," लेक सांगत होती. "नाही हो, तब्येत उत्तम आहे दोघांची. कामात आहेत."