मागच्या खोलीतलं लुगडं

दहिवलीच्या अल्मास मॅडमनी पंचवीसेक वर्षं विमानात काढली. त्या नोकरीला लागल्या तेव्हा हवाईसुंदरीला रेशमी साडी असायची. निऱ्या, पदर, पिना सगळं आपलं आपण करायचं, आणि विमान हेलकावलं तरी पदर जागचा हलता कामा नये. पुढे कंपनीने कुर्ता-चुडीदार आणला, मग बंद गळ्याचा कोट, आणि शेवटी चेन ओढून अंगात चढवायची शिवलेली साडी. हे सगळे बदल मॅडमनी स्वतःच्या अंगावर घेतले. कर्जतात कुणाचं लग्न असलं की नवरीला साडी नेसवायला त्यांनाच बोलावणं यायचं.

नोकरी सुटल्यावर घराच्या वरच्या मजल्यावर त्यांनी हवाईसुंदरी होऊ पाहणाऱ्या मुलींसाठी क्लास काढला. शेलूपासून खालापूरपर्यंतच्या मुली यायच्या. त्यातली समीक्षा कळंबची, शेतकऱ्याघरचं शेंडेफळ. मुलगी धीट आणि बोलायला गोड. मॅडमचा तिच्यावर विशेष जीव.

एकदा एका विमान कंपनीच्या बाई क्लास बघायला येणार होत्या. मॅडमनी पालकांनाही बोलावलं. समीक्षा सगळ्यांच्या आधी आईला घेऊन हजर झाली. इंदूबाईंच्या अंगावर धुवट हिरवं लुगडं, घट्ट मारलेला काष्टा, हातात मॅडमसाठी वालाच्या शेंगांची पिशवी.

मॅडमनी हसून स्वागत केलं आणि त्यांना एकट्यांना मागच्या खोलीत नेलं.

"ताई, राग मानू नका. पाहुण्या मोठ्या कंपनीच्या आहेत. हे लुगडं त्यांना जरा वेगळं वाटेल. माझी एक साडी देते, तेवढ्यापुरती नेसा. समीक्षासाठीच सांगतेय."

इंदूबाईंनी अंगावरच्या लुगड्याकडे पाहिलं. "पोरीचं भलं होत असंल तर नेसते. पण मला गोल नेसता येत नाय, बाई."

मग मॅडमनीच नेसवली. तेव्हा त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट आपण मायेनं करतोय असंच वाटलं. आई मोतिया साडीत बाहेर आली तेव्हा समीक्षाचा चेहरा उतरला.

पाहुण्या आल्या. मुलींशी बोलल्या आणि मग भिंतीवरच्या टीव्हीवर कंपनीच्या नव्या गणवेशाचे फोटो दाखवू लागल्या. विमानाच्या दारात मुली उभ्या, आणि अंगावर शिवलेल्या काष्ट्याच्या साड्या!

"गोल साडी धावपळीत पायात येते," पाहुण्या म्हणाल्या. "यात पाय मोकळे राहतात. आमच्या लोकांनी गावोगावच्या बायकांकडून हे नेसणं शिकून घेतलं. तुमच्याकडे कुणी अजून नेसतं का हो? मुलींना प्रत्यक्ष बघता आलं असतं."

समीक्षाने मॅडमकडे पाहिलं. इंदूबाईंनीही पाहिलं. मॅडमची कानशिलं तापली. एक शब्द बोलल्या असत्या तर सगळं सावरलं असतं. पण 'मीच यांना लुगडं सोडायला लावलं' हे पाहुण्यांपुढे कसं सांगायचं?

"हल्ली कुठे कोण नेसतं," त्या म्हणाल्या.

"व्हय," इंदूबाई लगेच बोलल्या. "आमच्या म्हाताऱ्या नेसायच्या."

समीक्षा उठली. "आई, चल." हाताला धरून ती आईला घेऊन गेली. जिन्यात इंदूबाईंचा पाय निऱ्यांत अडकला. त्यांनी कठडा धरला तो आवाज मॅडमना वरपर्यंत ऐकू आला.

लुगडं मागच्या खोलीतच राहिलं होतं. दोन दिवस समीक्षाने फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी मॅडम लुगडं घेऊन स्वतःच कळंबला गेल्या. इंदूबाई अंगणात वाल झोडत होत्या.

"चुकलं माझं, ताई," मॅडम उभ्याउभ्याच म्हणाल्या. "लुगडं सोडायला लावलं ते चुकलंच. पण खरं बोलायची वेळ आली तेव्हाही माझी जीभ उचलली नाही. त्याची जास्त लाज वाटते."

"मला येवढं नाय लागलं," इंदूबाई म्हणाल्या. "रिसॉर्टवाले तर लुगडं बघून दारातनंच परत धाडतात. पण पोरगी मोठ्या तोऱ्यात घेऊन आली व्हती मला. आता इचारते, आय, तू का गं खोटं बोललीस? मॅडमची लाज झाकायला, असं कसं सांगू तिला?"

मॅडमना मान वर करवेना. त्यांनी दाराकडे तोंड करून समीक्षाला हाक मारली. आतून आवाज आला, "डोकं दुखतंय, मॅडम." ती बाहेर आलीच नाही.

घरी येऊन मॅडमनी त्या पाहुण्यांना फोन लावला आणि घडलं ते सगळं सांगितलं. पाहुण्या हसल्या. "अहो, मग तेव्हाच सांगायचं ना!" म्हणाल्या आणि दुसऱ्याच विषयाकडे वळल्या. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मॅडमना वाटलं.

समीक्षा परत क्लासला आली नाही. पनवेलच्या एका संस्थेतून तयारी करून ती दुसऱ्या कंपनीत लागली. ही बातमी मॅडमना रुबिना नावाच्या विद्यार्थिनीकडून कळली. त्यांना आनंद झाला, पण अभिनंदनाचा फोन करायला हात धजेना.

क्लास अजून चालू आहे. मुलींना सोडायला आया येतात. मॅडम दारात दिसल्या की कुणी पदर सारखा करते, कुणी केसांवरून हात फिरवते. मॅडम गडबडीने म्हणतात, "या ना, अशाच या," आणि त्यांची स्वतःचीच नजर खाली जाते.