रोटाची मूठ

आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात, ते घरच्या जात्यावर दळतात आणि रोट भाऊबंदांनीच खायचे असतात. बायकांच्या नावाची मूठ नसते. मी साडी नेसले म्हणून कळसाडी गावातल्या आमच्या घरातून मला काढलं त्या वर्षापासून माझीही मूठ बंद झाली. त्याचं दुःख नव्हतं, उलट बरंच वाटलं. मला हवी होती ती जात्यापाशी आईच्या शेजारची जागा.

ती घरातले कर्ते काका देत नव्हते. "हाई बाहेरदेशनं खूळ शे, आपलामा आसं काही नव्हतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अंगातली पँट बाहेरदेशाची, खिशातला मोबाईल बाहेरदेशाचा, त्याचं काही नाही. मीच तेवढी बोटीतून उतरले!

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशी एक संशोधक बाई पुण्याहून नंदुरबारला माझ्या शिवणाच्या दुकानात आली. मी टाळी वाजवत नाही, ब्लाउज शिवते, हे कळल्यावर तिचा चेहराच पडला. मग तिनं मला समजावलं. स्त्री आणि पुरुष हे दोनच कप्पे इंग्रजांनी केले, त्याआधी आपल्या परंपरेत सगळ्यांना जागा होती म्हणे. इंग्रजांनी आमच्यासारख्यांना गुन्हेगार ठरवलं हे मलाही ठाऊक आहे आणि त्याचा संतापही आहे. पण मला घराबाहेर काढलं तेव्हा ओट्यावर इंग्रज नव्हता, काका उभे होते. तसं म्हटल्यावर ती म्हणाली, "ताई, तीच तर वसाहतवादी मानसिकता." आमच्या काकांना एवढं भारदस्त नाव मिळालेलं ऐकून हसू आलं, आणि रागही आला.

तिला आमच्या घरची कानबाई बघायची आणि चित्रित करायची होती. कॅमेरा येणार म्हटल्यावर काकांचा मला लगेच फोन. "ये ना भो, औंदा तुन्ही मूठ टाकसूत."

मी गेले. मुठीसाठी नाही, जात्यापाशी बसायला मिळेल या आशेनं गेले.

काकांनी सगळ्या भाऊबंदांदेखत माझं टाकून दिलेलं नाव, पोराचं, मोठ्यानं उच्चारलं आणि सुपात गहू टाकले. कॅमेरा चालूच होता. बाईच्या डोळ्यांत पाणी. "बघा ताई, परंपरेनं तुम्हाला सामावून घेतलं!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं बाई, त्यांनी आत्ता मला चारचौघांत पुरुष ठरवलं आणि तू त्याचा सोहळा करतेस?" मी कॅमेऱ्यात बघूनच विचारलं. तिनं कॅमेरा खाली घेतला. हे तिला नको होतं.

मी तरातरा आत गेले. आई आणि काकू जात्यापाशी होत्या. पदर खोचून मी बसायला लागले तसा आईनं हात आडवा धरला.

"आठे नको बठू. तुन्ही मूठ टाकी ना त्यास्नी? मंग आजून काय जोयजे तुले?"

"मूठ नको मले. तुन्हा जोडे बठू दे."

ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मन्हा नावनी मूठ आजवर कोन्ही टाकेल शे का?"

तिच्या आवाजात चीड होती. काकांवरची नव्हे, माझ्यावरची. जन्मभर दळूनही जे तिला कुणी दिलं नाही, ते मला आयतं मिळत होतं आणि मी लाथाडत होते.

  मी खोचलेला पदर सोडला आणि बाजूला झाले. तिनं बाहेरून आलेल्या सुपातले गहू, माझ्या त्या जुन्या नावाचे धरून, जात्यात घातले आणि खुंटा फिरवायला लागली.