बैठकीतलं वायफाय

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या शिवकुमार मालकांच्या चादरींच्या कारखान्यात सतीश कॉम्प्युटरचं सगळं बघायचा. सगळं म्हणजे प्रिंटर अडला तरी सतीश आणि मालकांच्या नातीचा मोबाइल बिघडला तरी सतीश. पण त्याला खरा अभिमान होता तो नक्ष्यांच्या सर्व्हरचा. बाहेरगावच्या व्यापाऱ्यानं तो उघडला की पासवर्ड मागायचा आणि बाजारात आलेल्या तेवढ्याच चादरी दाखवायचा. कारखान्याच्या नेटवरून कुणी उघडला तर मात्र आपलाच माणूस समजून, काही न विचारता, न विणलेल्या नक्ष्यांसकट सगळं पुढ्यात ठेवायचा.

ही सोय त्यानं मुद्दाम केली होती. त्याची आई चांगुणा एका कापड मिलमध्ये कामाला होती, तेव्हा फाटकावर कोण, कुठली हे सांगून आत जायची आणि आत गेल्यावर पुन्हा चार ठिकाणी तेच सांगायची. आपल्या राज्यात आत घेतलेल्या माणसाला परत कोण तू म्हणून विचारायचं नाही, हा सतीशचा हट्ट. हट्ट चांगलाच होता. फक्त सोलापुरात चहाच्या निमित्तानं कोण कोण आत येतं, ते या शहाण्यानं धरलंच नव्हतं.

मालकांच्या बैठकीत गादीवर व्यापारी टेकलेले असत. हल्ली पाहुण्याला चहाच्या आधी वायफाय लागतं. मालक म्हणाले, द्या त्यांनाही. पाहुण्यांसाठी वेगळं नेट करायला हवं होतं, पण सतीशनं कंटाळा केला आणि कारखान्याच्याच नेटचा पासवर्ड बैठकीच्या भिंतीवर चिकटवला.

दिवाळीच्या तोंडावर कारखान्यातले जुने नक्षीकार मल्लप्पा यांची नवी नक्षी, अजून मागावर चढायची होती ती, दुसऱ्याच दुकानातल्या चादरीवर दिसली. संशय मल्लप्पांवर गेला. तोंडावर कुणी बोललं नाही, आपल्याकडे तसं बोलत नाहीतच. नक्षीच्या खोलीची किल्ली तेवढी काढून घेतली आणि त्यांना चादरींच्या घड्या घालायला बसवलं. म्हातारा पैशाला भुलला, असं सतीशलाही वाटलं.

एकदा तो बैठकीत मालकांची वाट बघत होता. शेजारी अक्कलकोटचा एक भोळा व्यापारी मोबाइल चाळत बसलेला. त्यानं स्क्रीन सतीशपुढं धरली आणि ही नक्षी बाजारात कधी येणार म्हणून विचारलं. ती मल्लप्पांनी किल्ली जायच्या आधी पुरी केलेली शेवटची नक्षी होती, अजून मागावर न चढलेली. सतीशनं भिंतीकडे बघितलं. भिंतीवरचा कागद वाचून जो कुणी गादीवर बसला, तो त्याच्या सर्व्हरला घरचाच वाटत होता.

त्यानं त्याच दिवशी ती वाट बंद केली, आणि गप्प बसला. त्याला लाज वाटत होती, आणि त्या लाजेनंच त्याचं तोंड शिवून टाकलं होतं. दुपारी घड्यांच्या ढिगातून मल्लप्पा धाकट्या भावाला मारावी तशी हाक मारत, "ये तम्मा, जेव की थोडं," आणि हा प्रिंटर अडल्याचं सांगून पळ काढी.

शेवटी त्यानं मालकांना सांगितलं. मालकांनी पानाला चुना लावला. दुरुस्त केलंस ना, मग झालं, म्हणाले. म्हाताऱ्याला सोमवारपासून परत नक्षीच्या खोलीत बसवतो, कारण कशाला उकरून काढायचं? सतीशची नोकरी वाचली. त्याची त्याला जास्तच शरम वाटली.

संध्याकाळी तो मल्लप्पांच्या घरी गेला. सर्व्हर, नेट यातलं त्यांना काय कळणार, म्हणून सरळच बोलला.

"काका, नक्षी माझ्या चुकीनं गेली. बैठकीत बसलेल्या कुणालाबी दिसत होती."

मल्लप्पा हळूच म्हणाले, "म्हंजे मी न्हवतो?"

सतीशला काही कळेना. दारात उभ्या असलेल्या कमलम्मांनी, त्यांच्या बायकोनं, सांगितलं. "भाचीच्या लग्नात कुणाला तरी काडून दाखवली असंल, म्हातारपणी ध्यानात न्हाई, असं हे सोताच म्हनत्यात. आमी घरातबी तेच विचारत होतो की. परवा देवळात जाऊन माफी मागून आले."

सतीशची मान वर होईना. तो इतके दिवस गप्प बसला होता, आणि तेवढ्या दिवसांत या माणसानं त्याची चूक आपल्या नावावर करून घेतली होती. पाया पडायला तो वाकला, पण मल्लप्पांचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं.

"मी न्हवतो," ते बायकोला सांगत होते.