रिकाम्या पोटी एक गोळी

थायरॉइड मंदावलेला पेशंट म्हणजे वर्षानुवर्षांचं नातं! डोस बदलला की दीड महिन्याने पुन्हा रक्त, पुन्हा रिपोर्ट, पुन्हा गप्पा. माझा दवाखाना उल्हासनगर कॅम्प चारमध्ये. नव्वद सालच्या आसपास रक्त मुंबईला जायचं, रिपोर्ट आठवड्याने यायचा. किस्से मात्र त्याच दिवशी हातात!

*

आमच्या गल्लीतल्या एका सिंधी काकूंचा रिपोर्ट सुधारेचना. डोस दोनदा वाढवला. शेवटी विचारलं, "काकू, गोळी रिकाम्या पोटी घेता ना?"

"बिलकुल! रोज सकाळी, चहाबरोबर."

"अहो, मग पोट रिकामं कुठे राहिलं?"

काकू भडकल्या. "चाय को कौन खाना बोलता है, डॉक्टर?"

नुसत्या पाण्याबरोबर गोळी सुरू झाली आणि वाढवलेला डोस मला मुकाट्याने उतरवावा लागला!

*

अंबरनाथच्या कारखान्यातले एक ऑफिसर मीटिंगमध्ये डुलक्या घ्यायचे. गोळी सुरू झाली आणि गडी एकदम फ्रेश! पुढच्या खेपेला आले ते छाती धडधडत, हात थरथरत.

"साहेब, किती गोळ्या घेताय?"

"दोन! एकीने एवढा फरक, म्हटलं प्रॉडक्शन डबल करू!"

*

बदलापूरच्या एक वहिनी उपासाच्या दिवशी गोळी घ्यायच्या नाहीत. आणि उपास तरी किती? सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी!

मी म्हटलं, "वहिनी, रिकाम्या पोटी घ्यायची गोळी. उपासाइतका चांगला मुहूर्त कुठला?"

*

मोरिवलीच्या हिराबाई धवलारीण, म्हणजे लग्नात विधींची गाणी, धवळे गाणाऱ्या. वर्षभरात आवाज घोगरा झाला, चेहरा सुजला, बोलणं मंदावलं. घरचे म्हणाले, म्हातारपण. रिपोर्ट आला तर थायरॉइड जवळजवळ बंद! वय बघून मी अगदी लहान डोसने सुरुवात केली.

दर खेपेला त्यांचा एकच प्रश्न. "डाक्टर, नातीचं लगीन हाय. गला सुटंल ना?"

"हळूहळू वाढवू, आजी," मी म्हणायची. खरं तर मलाच खात्री नव्हती.

चौथ्या खेपेला मी रिपोर्टचं पाकीट फोडत होते, तर हिराबाईंनी माझा हात धरला. "कागद ठेव बाजूला."

आणि स्टुलावर बसल्या बसल्या त्यांनी धवळा धरला! असा खणखणीत, की बाहेर बाकावर खोकणारे पेशंटसुद्धा गप्प झाले. माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात समोरचा जीन्स शिवणारा कारागीर धावत आला आणि दारातून डोकावला.

"डॉक्टर, किसकी शादी है?"