अदलाबदल झालेले प्लंजर

थेंबूताईला तिचं खरं नाव विचारलं, तर तिलाही क्षणभर आठवावं लागायचं. इंजिनात डिझेल सोडणाऱ्या पंपाचं टायमिंग बांधताना इतर मिस्त्री यंत्रं लावत; ही बाई पाइपाच्या तोंडाशी डोळा लावून बसायची. फ्लायव्हील हाताने केसभर, केसभर फिरवायचं आणि डिझेलचा थेंब पडायचा जिथे थांबला, तिथे नट आवळायचे. बस्स! नवऱ्याच्या गॅरेजात नोझल घासता घासता ती हे शिकली. नवरा गेल्यावर दीर म्हणाले, "बाईमाणसाचं काम आहे का हे?" दुसऱ्या दिवशी सकाळी हिने शटर वर केलं. त्याला बावीस वर्षं झाली आणि दिराच्या ट्रॅक्टरचा पंपही इथेच येतो.

त्या दिवशी साडेआठला तिचा धाकटा भाऊ पोत्यात पंप गुंडाळून धापा टाकत आला. त्याची लाँच नदीच्या अल्याडची माणसं पल्याड नेते. इंजिन तीन सिलिंडरचं, जवळजवळ त्याच्याच वयाचं. महिनाभर ते काळा धूर ओकत होतं आणि मोठ्या वर्कशॉपवाल्यांनी हात झटकले होते: भंगारात घाला. बारा वाजता तपासनीस येऊन लाँचला सील ठोकणार होता. सील लागलं की परवाना गेला आणि परवाना गेला की भावाच्या घरची चूल थंड.

"आज आठवण झाली होय रे बहिणीची?"

"ताई, आधी बघ तरी! तुझा वेळ वाचावा म्हणून मीच खोललाय. प्लंजर कसे चकाचक धुतलेत!"

त्याने डबा उघडला. तीन प्लंजर आणि तीन बॅरल, सगळे एकत्र. थेंबूताईचं डोकंच फिरलं. प्लंजर म्हणजे पंपातला बारीक दट्ट्या; तो ज्या नळीत, म्हणजे बॅरलमध्ये, वरखाली होतो, तिच्याशी त्याची जोडी कारखान्यातच लागलेली असते. अदलाबदल झाली की पंप कामातून गेला.

"खुणा केल्यास?"

"खुणा? करायच्या असतात?"

"अरे शहाण्या! तिघांच्या बायका एकमेकांच्या घरात नेऊन बसवल्यास की!"

भावाचा चेहरा पडला. "म्हणजे संपलं सगळं."

"संपलं म्हणणारा तू कोण? आणि ते वर्कशॉपवाले तरी कोण? दार लाव, धूळ येतेय. आणि तोंडही बंद ठेव."

तिने परातीत स्वच्छ डिझेल ओतलं. प्लंजर बॅरलमध्ये घालायचा, अर्धा वर उचलायचा आणि सोडून द्यायचा. परका असला तर अडतो, नाहीतर धपकन पडतो. आपला असला तर सावकाश, स्वतःच्या वजनाने उतरतो. एक जोडी लगेच जुळली. उरलेले दोन मात्र दोन्हीकडे बरे वाटेनात आणि वाईटही वाटेनात. ताईच्या कपाळावर घाम आला. मनातून ती घाबरली होती, पण भावासमोर ते दाखवेल तर शपथ! तिने बॅरलची भोकं बोटांनी दाबली, प्लंजर मागे ओढला आणि सोडला. नुसता ढिम्म. दुसरा घातला, ओढला, सोडला, तसा तो झटकन आत खेचला गेला.

"हा घरचा!" ती ओरडली.

साडेअकराला दोघं लाँचवर पोचली आणि पंप इंजिनावर चढला. ताई थेंबाकडे बघत बसलेली असतानाच तपासनीस फाईल घेऊन धक्क्यावर उभा राहिला.

"बाई, उठा. सील लावायचंय."

"बाराला सात मिनिटं कमी आहेत. तेवढी माझी."

थेंब थांबला, तो जुन्या खुणेच्या बराच आधी; महिनाभराच्या काळ्या धुराचं मूळ हेच होतं. तिने नट आवळले, पाइपांतली हवा काढली. भावाने हँडल मारलं. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन धडधडलं, दोन भपकारे काळे आले आणि मग धूर जवळजवळ दिसेनासा झाला. धक्क्यावरच्या बायाबापड्यांनी टाळ्या पिटल्या.

तपासनीस हलला नाही. "धक्क्याला बांधलेलं इंजिन कुणाचंही चालतं. वर्कशॉपचा रिपोर्ट आहे माझ्याकडे. मधेच बंद पडेल आणि पुन्हा चालू होणार नाही."

"मग चला की आत."

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? तो बसला. लाँच नदीच्या मध्यावर आली आणि ताईने इंजिन बंद केलं. प्रवाहाने लाँच तिरकी वाहू लागली. तपासनीसाने कठडा घट्ट धरला.

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"रिपोर्ट खरा की खोटा, तुमच्याच हाताने बघा." तिने हँडल त्याच्यापुढे धरलं.

त्याने बाह्या सरसावल्या, दात आवळले आणि हँडल फिरवलं. दुसऱ्याच फेऱ्याला इंजिनाने आवाज दिला. भाऊ मटकन खाली बसला आणि रडू लागला. तपासनीसाने घाम पुसला, फाईल गुडघ्यावर घेऊन परवान्यावर सही केली. मग पेन तसंच धरून विचारलं, "दुरुस्ती कुणी केली म्हणून लिहू?"

"मी केली. आणि त्याची एक प्रत वर्कशॉपला पाठवा."