भोंगा काढणार नाही

पडेगावच्या पुढं, दौलताबाद रस्त्याच्या डाव्या अंगाला आमची वसाहत तेव्हा नुकती उभी राहत होती. चार घरं, मग दोन मोकळे प्लॉट, मग एक अर्धवट बांधलेला स्लॅब, असं सगळं. शहर आमच्याकडं सरकत होतं आणि पाणी आमच्यापासून दूर जात होतं. सलग तिसऱ्या वर्षी पाऊस रुसला होता. बोअर आटले होते. टँकर यायचा तो दुपारी बाराच्या पुढं, आणि वसाहतीच्या पार टोकाला, चढावर उभा राहायचा. हॉर्न वाजला की बायाबापड्या, म्हातारेकोतारे, जो घरात असेल तो ड्रम आणि पाइप घेऊन तिकडं धावायचा. तास-दीड तास सगळी वसाहत त्या चढावर, आणि खाली घरं रिकामी. चोरांना याहून सोयीची वेळ कुठली असणार?

आमच्या घरात आम्ही तिघी होतो. मी, माझी नववीतली लेक आणि माझ्या सासूबाई. नवरा वाळूजच्या एका कारखान्यात कामाला होता. हृदयविकारानं तो गेला, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर होते. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांना ऐकू जवळजवळ येतच नसे. कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं बोललं तरच कळायचं. यंत्र आणून दिलं होतं, पण 'कानात भुंगा शिरल्यावानी व्हतं' म्हणून त्यांनी ते डब्यात ठेवून दिलं.

चोरी झाली त्या दिवशी मी कार्यालयात होते, लेक शाळेत. आत्याबाई मधल्या खोलीत खाटेवर झोपल्या होत्या. संध्याकाळी मी आले तर मागच्या दाराची कडी उचकटलेली. हौदावरची मोटर गेली होती, गॅसची टाकी गेली होती, आणि आत्याबाईंच्या खाटेखालची ट्रंक गेली होती. ट्रंकेत माझे थोडे दागिने होते. आत्याबाई खाटेवर बसून इकडंतिकडं बघत होत्या.

"ही खाट इकडं कामून आली गं?" त्यांनी मला विचारलं.

खाट हातभर सरकलेली होती. ट्रंक ओढून काढायला चोरानं खाट सरकवली होती, आत्याबाई वर झोपलेल्या असताना. त्यांना कळलंच नाही. मी त्या फरशीवर खाटेच्या पायाची जुनी खूण आणि नवी जागा बघत उभी राहिले. दागिन्यांचं वाईट नंतर वाटलं. आधी एवढंच डोक्यात आलं की ह्यांना मध्येच जाग आली असती तर?

दुसऱ्या दिवशी माझे दीर फुलंब्रीहून आले. नवऱ्याचे धाकटे भाऊ. शेती बघायचे आणि अलीकडं जमिनीच्या व्यवहारात लक्ष घालायला लागले होते. चहाचा कप हातात घेऊन सगळं घर फिरून बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, आता बास झालं. बाईमाणसानं असं माळावर एकटं राहणं बरं नाय. मायला घेऊन गावाकडं चला. हे घर विकून टाकू. रस्ता मोठा होतोय, भाव चांगला येईल."

"गावाकडं पाणी आहे का, भाऊजी?"

"पाणी कुठंच नाय."

"मग चोर तरी इथलेच बरे."

त्यांना ते आवडलं नाही. खरं सांगायचं तर मलाही त्या क्षणी इथं राहायची भीती वाटत होती. पण हे घर आम्ही दोघांनी बांधलं होतं. नवरा रविवारी स्वतः विटांवर पाणी मारायचा. चोर आले आणि दीर म्हणतात म्हणून मी ते सोडावं, हे माझ्या मनाला पटेना. भीती वाटत होती म्हणूनच जास्त चीड येत होती.

पुढच्या शनिवारी सुट्टी होती. मी शहागंजला गेले. घड्याळं, टॉर्च, कुलपं असल्या दुकानांच्या ओळीत एक विजेच्या सामानाचं दुकान होतं, दारावर सायरनचे लाल कर्णे टांगलेले. दुकानदार साठीचे, पांढऱ्या दाढीचे. मी घरासाठी अलार्म पाहिजे म्हटलं तर म्हणाले, "घर में मर्द कोन है, बाजी? उनकू भेजो, मैं समझा देतूं."

"मर्द कोई नहीं है," मी म्हटलं. "मुझे ही समझाओ."

त्यांनी माझ्याकडं एकदा नीट बघितलं, स्टूल पुढं केलं आणि तासभर समजावून सांगितलं. दाराला एक चुंबक, चौकटीला त्याची जोडी. दार उघडलं की दोन्ही एकमेकांपासून दूर जातात आणि भोंगा वाजतो. त्याला फोनची जोड दिली की आपल्या मोबाइलवर आपोआप फोन येतो. सगळं ऐकून झाल्यावर मी सांगितलं की घरातल्या माणसाला ऐकू येत नाही. ते थोडा वेळ दाढी खाजवत बसले. मग म्हणाले, "अम्मा को दिखता तो है ना?"

रविवारी ते स्वतः बसवायला आले. दोन्ही दारांना चुंबकं लावली, छपराखाली भोंगा, आणि आत्याबाईंच्या खाटेसमोरच्या भिंतीवर गरगर फिरणारा लाल दिवा. शिवाय एक बटण दोरीत ओवून त्यांच्या गळ्यात घातलं. ते दाबलं तरी भोंगा सुरू होणार. भोंगा बंद करायचा छोटा रिमोट त्यांच्या हातात दिला. आत्याबाईंनी सात-आठ वेळा सगळं करून बघितलं. दिवा फिरायला लागला की त्यांना हसू फुटायचं. फोनवर ऐकू येणारा निरोप माझ्या लेकीनं स्वतःच्या आवाजात भरला: "आपल्या घरात कोणीतरी शिरलंय. लवकर या." चार वेळा भरला, कारण तीन वेळा ती मध्येच हसली.

पहिला महिना त्या भोंग्यानं आमची लाज काढली. कोरड्या उन्हानं चौकटीचं लाकूड आकसलं, चुंबकांमधलं अंतर वाढलं, आणि भरदुपारी कोणी नसताना भोंगा केकाटायला लागला. धुळीची वावटळ आली, दार हादरलं, पुन्हा भोंगा. दुकानदार येऊन एकदा पट्ट्या सरकवून गेले, दुसऱ्यांदा पाचर मारून गेले. त्या महिन्यात माझा फोन कार्यालयात पाच वेळा वाजला आणि पाचही वेळा लेकीचा आवाज ऐकून मी हातातलं टपाल टाकून उभी राहिले.

वसाहतीच्या समितीचे अध्यक्ष दोन जणांना घेऊन आले. चपला न काढता व्हरांड्यातच उभे राहिले.

"मॅडम, तो भोंगा काढा. लोकांना त्रास होतोय. टँकरचा हॉर्न कोणता आणि तुमचा भोंगा कोणता तेच समजत नाही."

"दुरुस्ती झाली आहे. आता विनाकारण वाजणार नाही."

"तरी पण काढाच. वसाहतीची बदनामी होते. माणसं म्हणतील इथं चोऱ्या होतात."

"होतातच की. माझ्याकडं झाली तेव्हा तुमच्यापैकी कोणाला काय ऐकू आलं होतं?"

बरोबरच्यांपैकी एक जण म्हणाला, "एवढी भीती वाटते तर अशा जागी राहायचं कशाला?"

"राहणार," मी म्हटलं. "आणि भोंगा काढणार नाही. लेखी नोटीस द्या, मी लेखी उत्तर देईन. माझं कामच ते आहे."

नोटीस आली नाही. पण टँकरच्या रांगेत बायका माझ्या पाठीमागं 'भोंगेवाली' म्हणायला लागल्या. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्या बाबतीत आत्याबाई माझ्या गुरू होत्या.

उन्हाळा संपत आला होता, पाऊस अजून नव्हता. लेक दहावीच्या, सुट्टीतल्या जादा तासाला गेली होती. दुपारी साडेबाराला मी टपाल नोंदवत होते तेव्हा फोन वाजला. "आपल्या घरात कोणीतरी शिरलंय. लवकर या." मी शेजारणीला फोन लावला. तिनं उचलला नाही. ती टँकरवर असणार. मी साहेबांना नुसतं 'घरी जाते' म्हटलं, परवानगीची वाट बघितली नाही, आणि रस्त्यावर येऊन रिक्षा पकडली. वाटेत पुन्हा फोन आला, पुन्हा तेच वाक्य. छावणीच्या पुढं गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा मी खाली उतरून धावायच्या बेतात होते.

घराच्या कोपऱ्यावर वळलो तेव्हा भोंग्याचा आवाज आला. इतका वेळ तो चालूच होता. दारात ही गर्दी. टँकरची अख्खी रांग आमच्या अंगणात उतरली होती. कोणाच्या हातात पाइप, कोणाच्या हातात बादली. टँकरचा ड्रायव्हरसुद्धा लोखंडी पान्हा घेऊन आला होता. अध्यक्ष फाटकात आडवे उभे, कोणाला बाहेर जाऊ देत नव्हते.

व्हरांड्यातल्या खुर्चीवर माझे दीर बसले होते. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. शेजारी एक अनोळखी माणूस, काखेत प्लास्टिकची फाइल. समोर उंबऱ्यावर आत्याबाई काठी आडवी धरून बसल्या होत्या, आणि रिमोट त्यांनी मुठीत घट्ट धरला होता. कोणालाही देत नव्हत्या. भोंग्याचा त्यांना काय त्रास? बाकीच्यांनी कानात बोटं घातली होती.

"वहिनी, आधी ते बंद करा!" दीर ओरडले.

"आधी सांगा, आत कसे आलात?"

उत्तर शेजारणीनं दिलं. "किल्लीनं आले. आम्ही धावत आलो तर पुढच्या दाराला किल्ली तशीच."

नवरा दवाखान्यात होता तेव्हा दिरांकडं घराची एक किल्ली दिली होती. ती परत मागायचं मला सुचलंच नव्हतं. मी दाराची किल्ली काढून माझ्या पर्समध्ये टाकली आणि त्या अनोळखी माणसापुढं हात केला. "फाइल."

"मॅडम, मी फक्त..."

"फाइल द्या."

फाटकातून अध्यक्ष म्हणाले, "द्या म्हणतात ना त्या." त्यानं दिली.

आत मुखत्यारपत्र होतं, टाइप करून तयार. मुलामागं घरात आत्याबाईंचा जो वाटा आला होता तो विकायचे सगळे अधिकार धाकट्या मुलाला. शेवटी अंगठ्यासाठी रिकामी जागा. दिरांच्या खिशातून शाईच्या पॅडचा निळा कोपरा डोकावत होता.

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं, रिमोट दाबला आणि भोंगा थांबला. एवढी शांतता झाली की कोणाच्या तरी हातातल्या पाइपमधून ठिबकणारं पाणी ऐकू यायला लागलं.

"वाच," त्या म्हणाल्या. "काय लिव्हलंय ते मला वाचून दाखव."

त्यांना वाचून दाखवायचं म्हणजे ओरडूनच वाचावं लागतं. मी त्यांच्या कानाशी बसले आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळा कागद मोठ्यानं वाचला. एक शब्द गाळला नाही. सगळ्या वसाहतीनं ऐकला. दीर जमिनीकडं बघत होते.

"माय, तुह्या भल्यासाठीच केलं," शेवटी ते म्हणाले. मी ते वाक्यही कानाशी ओरडून सांगितलं.

"भलं करायचं व्हतं तर रविवारी यायचं, ही घरात असताना," आत्याबाई म्हणाल्या. "दुपारच्या पारी, समदे पाण्याला गेल्यावर कामून आलास? दिवा फिराया लागला तवा मला वाटलं चोर आला. मी बटण दाबलं, काठी घेतली. बघते तं माहं लेकरू." त्यांनी काठी खाली ठेवली. "चोर असता तं लई बरं झालं असतं रे."

दीर रडायला लागले. मला त्यांची दया आली, हे मी लपवणार नाही. शेतात दाणा पिकला नव्हता, माणूस कासावीस झाला की वाट चुकतो. पण मी त्यांना पाणी दिलं आणि तांब्या परत घेता घेता सांगितलं, "भाऊजी, तुमची अडचण असेल तर माझ्या तोंडावर येऊन बोला. ह्या घराला हात लावायचा नाही. आत्याबाई जिवंत आहेत तोवर नाही, नंतरही नाही."

"मला वाटलं तुम्ही थकाल," ते म्हणाले.

"थकते. पण हलत नाही."

फाइलवाला माणूस कधी सटकला कळलं नाही. कागद मी ठेवून घेतला. बायका चढावर परत गेल्या. टँकरचा ड्रायव्हर म्हणाला, आज तुमच्या दारात आणून पाणी देतो, आणि त्या दिवशी पहिल्यांदा टँकर वसाहतीच्या मधोमध उभा राहिला. पुढं समितीनं तीच जागा कायम केली. टँकरच्या रांगेतून घरं दिसायला लागली आणि रिकाम्या घरांचा प्रश्नच मिटला. अध्यक्षांनी भोंग्याचा विषय परत काढला नाही. आठ दिवसांनी त्यांच्या बायकोनं मला रांगेत शहागंजच्या दुकानाचा पत्ता विचारला.

संध्याकाळी आत्याबाई जेवल्या नाहीत. लेकीनं त्यांच्या पायाशी बसून खूप वेळ पाय चेपले. सकाळी उठून त्यांनी मला जवळ बोलावलं. "माहा वाटा नातीच्या नावानं करायचा. आजच चल."

त्या दिवशी काही झालं नाही, कागद व्हायला पंधरा दिवस लागले. नोंदणी कार्यालयात त्यांनी नऊवारी लुगडं नेसलं होतं, कपाळावर नेहमीचं गोंदण, गळ्यात दोरीचं बटण. तिथल्या साहेबांनी नियमाप्रमाणं विचारलं, "आजी, कोणी दबाव तर आणला नाही ना?" मी तेच कानाशी ओरडून सांगितलं. सगळं कार्यालय मान वळवून बघायला लागलं.

"आणाया आले व्हते," आत्याबाई म्हणाल्या. "म्या आळी गोळा केली."

साहेब हसले आणि शाईचं पॅड त्यांच्यापुढं सरकवलं. आत्याबाईंनी अंगठा इतका जोरात दाबला की खालच्या कागदावरही वळ उठला.