घायपाताला तांब्याभर पाणी

घायपात हे काय हौसेने पाळायचं झाड आहे? आमच्या ओवे गावाकडे ते बांधावर उगवायचं, कुणी ढुंकून बघायचं नाही. माझ्या मुलीने ते कुंडीत लावलं आणि त्याचं इंग्रजीत 'अगेव्ह' झालं. माझ्या मनाविरुद्ध लग्न करून परदेशी निघाली, तेव्हा ती कुंडी रोडपालीला माझ्या गॅलरीत ठेवून गेली.

आता नातवंडांसमोर मी शहाण्यासारखी बसते. पण तेव्हा पन्नाशीची मी म्हणजे अक्कल वाटत फिरणारी बाई. शुक्रवारी मुलीचा व्हिडिओ कॉल यायचा. "झाड कसं आहे?" "बरं आहे." जावयाचा विषय नाही, तब्येतीची चौकशी नाही. झाड संपलं की फोन संपला. दीड वर्ष असंच.

आणि ते झाड मीच मारत होते. रोज आंघोळ झाली की तुळशीला पाणी, आणि शेजारी हे बिचारं तहानलेलं कसं ठेवायचं, म्हणून उरलेला तांब्या याच्या बुंध्यात. पावसाळ्यात खालची पानं पिवळी, लिबलिबीत झाली, तर शहाणीने वर तांदळाचं धुवण सुरू केलं.

रोपं विकणारी मावशी म्हणाली, "पानी बंद कर बाय. त्याला काय लागत नाय." मी मनात म्हटलं, हिला काय कळतंय!

कुजका वास सुटला तेव्हा धाबं दणाणलं. बुंध्यात हळद भरली. पानं चिंधीने बांधून उभी केली. फोनच्या आधी कुंडी फिरवून चांगली बाजू पुढे करायची. देवाला म्हटलं, माझे गुडघे घे, पण एवढं जगव. त्यातलं गुडघ्यांचं त्याने मनावर घेतलं.

एका गुरुवारी कुंडी फिरवताना अख्खं झाड हातात आलं. खाली मूळच नव्हतं, नुसता काळा चिखल. ते मांडीवर घेऊन मी फरशीवर बसले. काटे टोचत होते, तरी खाली ठेववेना.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "झाड कसं आहे?"

"गेलं गं. मी रोज पाणी घालत होते."

"दोन महिने दिसतंय मला, आई. ती चिंधीसुद्धा."

"मग विचारत का होतीस?"

"दुसरं काय विचारणार होते तुला?"

तिचं बोट फोन बंद करायला पुढे आलं. मी जीव खाऊन विचारलं, "जेवलात का गं दोघं?"

बोट थांबलं. "अजून नाही. तो भाकऱ्या करतोय."

जावई आणि भाकऱ्या! जिभेवर काय काय आलं होतं. सगळं गिळलं.

"फुगतात का?" एवढंच विचारलं.